पेशीविभाजन, कर्करोग आणि ‘भोगा’ची भाषा

१

वर्षावासात आमच्या शहाडच्या विहारात दर रविवारी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. अशाच एका रविवारी कर्मविषयक प्रकरण वाचून झाले. मागच्या जन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात ही कल्पना बाबासाहेबांनी तेथे साफ नाकारली आहे. गरिबाच्या हलाखीची जबाबदारी गरिबावरच टाकून समाजाला आणि शासनाला मोकळे करणे, एवढाच या कल्पनेचा उपयोग आहे, असा त्यांचा रोख आहे. त्याच विवेचनात ते आनुवंशिकतेच्या शास्त्राचा आधार घेतात. मूल जे काही घेऊन येते ते आईबापांकडून घेते. मागच्या जन्माचे गाठोडे त्यात कुठेच बसत नाही.

वाचन संपले. चर्चा रंगली. तेवढ्यात मागच्या रांगेतून पन्नाशीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, माझ्या बहिणीला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालाय. तिच्या घरचे म्हणतात, मागच्या जन्माचा भोग आहे. तो भोग नाही हे मला पटलं. पण मग हे आलं कुठून?”

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पेशीविभाजनाचा धडा मी दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून शिकवतो आणि विद्यार्थी त्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहितात. पण त्या दिवशी त्या बाईंना समजेल असे उत्तर मला देता आले नाही. मी दोन-चार इंग्रजी शब्द उच्चारले आणि खाली बसलो. आपल्या घराण्यात पहिल्यांदा पदवी मिळवणाऱ्या माणसाने मिळवलेले ज्ञान आपल्याच वस्तीत येऊन मुके होत असेल, तर त्या पदवीचा हिशेब द्यावा लागतो. हा लेख म्हणजे त्या उशिरा दिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. ‘भोग नाही’ एवढे म्हणून आपले काम संपत नाही. भोग नसेल तर कारण आहे, आणि ते कारण सांगता आले पाहिजे.

२

माणसाचे शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे, आणि या साऱ्या पेशी एकाच फलित पेशीच्या विभाजनातून आलेल्या आहेत. मोठे झाल्यावरही हे विभाजन बंद पडत नाही. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. आतड्याचे आतले अस्तर चार-पाच दिवसांत बदलते. उलट मेंदूतल्या बहुतेक पेशी प्रौढ वयात विभागतच नाहीत. बिगाऱ्याचे काम करणाऱ्याचा हात विटेने सोलवटला, की जखमेच्या कडेच्या पेशी विभागू लागतात. दोन्ही कडा जुळल्या की त्या थांबतात. कुणी हुकूम दिला म्हणून त्या थांबत नाहीत. थांबण्याची यंत्रणा प्रत्येक पेशीच्या आतच असते. आपल्या विषयाचे मर्म या थांबण्यात आहे.

पेशी विभागते ती चार टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात ती वाढते, अन्न आणि साहित्य जमवते. दुसऱ्यात ती आपल्या केंद्रकातील डीएनएची, म्हणजे सुमारे सहाशे कोटी अक्षरांच्या लेखाची, जशीच्या तशी नक्कल करते. तिसऱ्या टप्प्यात नक्कल तपासली जाते. चौथ्यात ४६ गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती दोन बाजूंना ओढल्या जातात आणि एका पेशीच्या दोन होतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला या साऱ्याला साधारण चोवीस तास लागतात; त्यातला प्रत्यक्ष दुभंगण्याचा वेळ जेमतेम तासाभराचा. बाकी सगळा वेळ तयारीचा आणि तपासणीचा.

हे चाक फिरवते कोण? लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टच्या दोन वेगवेगळ्या प्रकारांवर काम करून चाक फिरवणारी जनुके शोधली. टिम हंट यांना १९८२ साली समुद्री साळूच्या अंड्यांत एक चमत्कारिक प्रथिन दिसले. ते प्रत्येक विभाजनापूर्वी साचत जाई आणि विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. त्याला सायक्लिन हे नाव मिळाले. पुढे उलगडा झाला तो असा : पेशीत कायनेज नावाचे एक प्रथिन असते, पण सायक्लिनची जोड मिळाल्याशिवाय ते कामाला लागत नाही. दोघे जुळले की पेशी पुढच्या टप्प्यात जाते. मग सायक्लिन मोडून टाकले जाते, म्हणून चाक मागे फिरत नाही. नर्स यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले, की यीस्टमधले बिघडलेले जनुक काढून त्याच्या जागी माणसाचे जनुक घातले तरी यीस्टचे चाक चालते. इतकी ही यंत्रणा जुनी आणि पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांना समान आहे. या तिघांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नर्स हे कामगार घरातले. शालान्त पातळीवरच्या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले, त्यामुळे विद्यापीठाचा दरवाजा त्यांना लगेच उघडला नाही, आणि मधल्या काळात त्यांनी दारूभट्टीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. इंग्रजीत अडकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

या चाकाच्या वाटेवर तपासणीनाके आहेत. पहिला नाका नक्कल सुरू होण्यापूर्वीचा : अन्न पुरेसे आहे का, वाढण्याचा संदेश आला आहे का, शेजारी जागा आहे का? हा दरवाजा आरबी नावाचे प्रथिन धरून ठेवते. सर्व उत्तरे ‘होय’ आली की सायक्लिन-कायनेजची जोडी आरबीची पकड सैल करते आणि नक्कल सुरू होते. दुसरा नाका नक्कल झाल्यावरचा, आणि तिसरा गुणसूत्रे वेगळी होण्यापूर्वीचा. एक जरी गुणसूत्र धाग्याला नीट जोडले गेलेले नसेल तरी बाकीची पंचेचाळीस थांबून राहतात.

सगळ्यांवर लक्ष ठेवणारे प्रथिन म्हणजे पी-५३. ते १९७९ साली सापडले. डीएनए तुटल्याची खबर मिळाली की ते चाक थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती अशक्य असेल तर ते पेशीला स्वतःचा शेवट करायला लावते. यांखेरीज पेशीला आयुष्याची मर्यादाही आहे. शरीराबाहेर वाढवलेली साधी मानवी पेशी चाळीस ते साठ वेळा विभागून थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. गुणसूत्रांची टोके प्रत्येक नकलेत थोडी झिजतात, हे त्याचे कारण.

येथे एका धोक्याची नोंद करणे भाग आहे. ‘प्रत्येक पेशीने आपले काम करावे, मर्यादा सोडू नये’ हे वाक्य ऐकताच आपल्या कानांना दुसरेच काही ऐकू येते. समाजाला देहाची उपमा देऊन कुणाला मुख आणि कुणाला पाय ठरवणारे पुरुषसूक्त आपण विसरलेलो नाही. म्हणून स्पष्ट सांगतो : पेशीशास्त्र या उपमेला आधार देत नाही. कातडीची पेशी असो की यकृताची, जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच संपूर्ण जनुकलेख असतो. तिचे काम तिच्या ‘जन्मा’ने नव्हे, तर आजूबाजूच्या संदेशांनी ठरते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशींत फक्त चार जनुके कार्यान्वित करून त्यांना पुन्हा मूळपेशीसारखे केले. मग तिच्यापासून कोणतीही पेशी घडू शकते. देहातली विभागणीसुद्धा इतकी बदलती असेल, तर माणसांतल्या विभागणीला देहाचा दाखला देणाऱ्यांनी देहाचाच अभ्यास केलेला नाही.

३

आता बिघाडाकडे वळू. विभाजनाशी संबंधित जनुकांचे ढोबळ दोन वर्ग आहेत : गती देणारी आणि लगाम लावणारी. प्रत्येक जनुकाच्या पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. गती देणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडून अडकली तरी पेशी धावू लागते. लगामाच्या मात्र दोन्ही प्रती जाव्या लागतात. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या एका कर्करोगाचा हिशेब मांडून हे सुचवले, आणि आरबी हे नाव त्याच रोगावरून आले. जी मुले एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन येतात त्यांना हा रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, कारण त्यांच्याकडे एकच प्रत शिल्लक असते.

एका बिघाडाने कर्करोग होत नाही. गती अडकावी लागते, लगाम तुटावे लागतात, स्वतःचा शेवट करण्याची यंत्रणा बंद पडावी लागते, टोकांची झीज भरून काढणारे प्रथिन जागे व्हावे लागते. हे सारे एकाच पेशीच्या वंशात, एकामागून एक, वर्षानुवर्षे साचत जाते. म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयात दिसतो. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ बिघडलेले आढळते. राखणदारच गेला, की पुढचे बिघाड अडवणारा कुणी उरत नाही.

हे बिघाड येतात कुठून? काही नकलेतल्या चुकांतून, म्हणजे निव्वळ योगायोगाने. काही बाहेरून. रात्रपाळीत झोप उडवायला गालात धरलेली तंबाखू, बायाबापड्या दातांना लावतात ती मशेरी, विडी, गुटखा यांतली रसायने पेशीच्या डीएनएला चिकटून अक्षरे बिघडवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती पाळली जाते का, हे कोणत्याही नाक्यावरच्या टपरीसमोर उभे राहून पाहावे. आईबापांकडून आलेल्या बिघाडामुळे होणारे कर्करोग शंभरात साधारण पाच ते दहाच.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांना उद्देशून. कर्करोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, कपडे धुतल्याने होत नाही. तरी आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवलेली घरे मी आपल्या वस्त्यांत पाहिली आहेत. ज्यांच्या आजोबांना वेगळ्या कपात चहा मिळाला, त्यांनी आपल्या आईचा पेला वेगळा ठेवावा याचे दुःख मोठे आहे.

४

त्या बाईंच्या बहिणीला झालेला रोग म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. याची कथा वेगळी आणि महत्त्वाची आहे, कारण येथे लगाम तोडणारा कोण हे आपल्याला नक्की माहीत आहे. तो एक विषाणू आहे : एचपीव्ही. हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या गाठींमध्ये शोधले. या रोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर जणींमध्ये हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

हा विषाणू लगाम का तोडतो, हे पाहण्यासारखे आहे. विषाणूकडे स्वतःची नक्कल करण्याची सामग्री नसते. ती पेशीकडून उसनी घ्यावी लागते, आणि पेशी ती सामग्री नकलेच्या टप्प्यातच बाहेर काढते. पण ज्या वरच्या थरांत विषाणूला वाढायचे असते तेथल्या पेशींनी विभाजन थांबवलेले असते. म्हणून विषाणू ई-७ नावाचे प्रथिन तयार करतो. ते आरबीला धरते, आणि दरवाजा उघडा पडतो. असा अवेळी दरवाजा उघडल्याची खबर पी-५३ ला लागते आणि ते पेशीचा शेवट करू पाहते. म्हणून विषाणूचे दुसरे प्रथिन, ई-६, पी-५३ लाच मोडून टाकायला लावते. दरवान बांधला, राखणदार संपवला. विषाणूला कर्करोग घडवायचा नसतो; त्याला फक्त आपल्या नकला काढायच्या असतात. त्याची किंमत बाई मोजते.

तरीही लागण म्हणजे कर्करोग नव्हे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी लागतो. तेव्हा यावरून बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणाऱ्याने आधी हे शिकून यावे. बहुतेकींचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हटवते. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, आणि मग पेशी बिघडत बिघडत कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीची लागण असून उपचार मिळाले नसतील तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो. ही पंधरा-वीस वर्षे ध्यानात ठेवावीत. साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांत आहे.

या संशोधनामागे एक काळी स्त्री आहे. हेन्रिएटा लॅक्स, अमेरिकेतल्या तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी काढल्या गेल्या, तिला न विचारता. त्याच वर्षी ती एकतिसाव्या वर्षी वारली. पण तिच्या पेशी थांबल्या नाहीत. शरीराबाहेर अखंड विभागत राहिलेला तो पहिला मानवी पेशीवंश. पोलिओची लस त्यांच्यावर तपासली गेली, जगभर त्या विकल्या गेल्या. पुढे त्यांत एचपीव्ही-१८ सापडला, तेव्हा त्या का थांबत नाहीत याचाही उलगडा झाला. तिच्या कुटुंबाला मात्र १९७० च्या दशकापर्यंत याचा पत्ता नव्हता, आणि तिच्या कबरीवर कित्येक दशके साधा दगडही नव्हता. या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. १९७२ साली ज्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथर्सवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, त्यांच्या वारसांना हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

५

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगांची नोंदवही ठेवली. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदवही. केवळ लक्षणे समजावून सांगितल्याने बाया लवकर दवाखान्यात येऊ लागतात, हे तेथे दिसून आले.

पुढे बार्शीच्या रुग्णालयाने, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एका गटाची विषाणूची चाचणी केली, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगार लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची कोणतीही तपासणी केली नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जगभरच्या धोरणांना या निष्कर्षाचा आधार मिळाला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाखावर स्त्रियांचा असाच अभ्यास केला. तेथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी व्हिनेगार लावून पाहायचे, एवढेच काम. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

या अभ्यासांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांत आधीच दिसलेले असताना, चौथ्या गटातल्या बायांना तपासणीविना का ठेवले? संशोधकांचे उत्तर होते, की भारतात अशी तपासणी मुळात कुणालाच मिळत नव्हती, म्हणून तीच येथली प्रचलित सेवा. हे उत्तर नीट वाचावे. शून्याला ‘प्रचलित सेवा’ म्हणता येते, कारण ते शून्य ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी कधी विचारणा केली नाही. त्या ६४ जणींत कोण होत्या, कोणत्या जातीच्या, कुणाच्या शेतात राबणाऱ्या, हे शोधनिबंधाच्या तक्त्यात वाचायला मिळत नाही.

आणि ज्ञान हाती आल्यावर तरी काय झाले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ऐंशी हजार मरतात. पेशीतला लगाम तुटायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्या वर्षांत आपल्या बाईच्या वाट्याला एक मिनिटाची तपासणी येत नाही. याला भोग म्हणणे सोयीचे आहे, कारण मग कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

६

कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, माहिती नेमकी ठेवावी. पाळी गेल्यानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पांढरे जाणे, ही लक्षणे लाजेने लपवायची नाहीत. पण लक्षणे नसतानाच तपासणी करणे अधिक मोलाचे. तिशीपासून ती करावी; एचआयव्ही असल्यास पंचविशीपासून. व्हिनेगारसारखे सौम्य आम्ल लावले की मिनिटाभरात बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो, कारण त्यांत केंद्रके मोठी आणि प्रथिने दाट असतात. तेवढा भाग गोठवून किंवा जाळून टाकता येतो, आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. सरकारी धोरणात ही तपासणी आहे. ती आपल्या आरोग्यकेंद्रात कोणत्या दिवशी होते, हे लेखी विचारावे.

दुसरे, लस. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना विषाणू लागण्यापूर्वी ती दिली तर फार उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या लोकांत लशीविषयी संशय आहे आणि त्याला कारण आहे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे मुलींवर, त्यांत आदिवासी मुली पुष्कळ, या लसीचा प्रकल्प झाला. तेथे कित्येक मुलींच्या संमतिपत्रावर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर प्रकल्प थांबला. मृत्यू लसीने झाल्याचे चौकशीत निघाले नाही, पण संमतीचा गुन्हा खराच होता. आपली मागणी दुहेरी हवी : लस आमच्या मुलींना मिळालीच पाहिजे, आणि विचारून मिळाली पाहिजे. संशयापोटी लस नाकारली तर नुकसान पुन्हा आपल्याच मुलींचे.

त्या बाई मला पुढे एकदा भेटल्या. बहीण गावी होती. दोन वर्षे रक्त जात होते, तिने कुणाला सांगितले नाही, आणि सांगितले तेव्हा तिला देवऋष्याकडे नेले. आता रोग पुढे गेला होता. मी त्यांना दरवान आणि राखणदाराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “म्हणजे बघायला पंधरा वर्षं होती?” मी होय म्हणालो. त्या म्हणाल्या, “मग आमच्या गल्लीतल्या बायांची नावं लिहून घ्या.”

ती यादी आम्ही केली. पुढच्या वर्षावासात ते प्रकरण वाचून झाले की प्रत्येक विहारात हे काम व्हावे : तिशीवरच्या बायांची यादी, आरोग्यकेंद्राचा वार, आणि सोबत जाणाऱ्या दोघींची नावे.